उघड्या डोळ्यांची प्रार्थना

चर्चच्या मंडळीत तिला सगळे दारवाली म्हणत. महिनाभर दर रविवारी ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकायची आणि आशीर्वाद संपायच्या आत पसार व्हायची. बाई शिष्ट आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. ठरवायला लोकांचं काय जातं! घरी सातव्या मजल्यावर तिचा वेल्डर नवरा श्वासाच्या यंत्राला जोडलेला होता आणि शेजारीण त्याच्याजवळ मोजून एक तास बसायची, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. उपकार नकोत कुणाचे, हा तिचा हट्ट.

तो हट्ट एका मंगळवारी दुपारी वादळानं मोडला. वीज गेली, लिफ्ट अडकली, यंत्राची बॅटरी दीड तासात संपली. शेजारीण कामावर. अँब्युलन्सवाले म्हणाले, रस्त्यावर झाडं पडलीत, संध्याकाळ होईल. उरली ती हातानं दाबायची रबरी पिशवी. नळी नवऱ्याच्या गळ्याला, पिशवी हिच्या मुठीत. चार अंक मोजायचे, पाचव्याला दाबायचं. थांबलं की संपलं.

अर्ध्या तासात हात भरून आला, बोटं ऐकेनात. नवरा पूर्ण शुद्धीत, तिच्याकडे टक लावून बघत होता. आजारानं त्याचं सगळं अंग गेलं होतं, हलायचं ते फक्त उजव्या हाताचं एक बोट. तिच्या फोनमध्ये चर्चच्या गायनमास्तरांचा नंबर होता, पहिल्याच रविवारी त्यांनी बळेबळे घ्यायला लावलेला. डाव्या हातानं तिनं तो लावला.

"मास्तर, मला माणसं हवीत," ती म्हणाली. "हातात जोर असलेली."

मास्तर सत्तरीचे. गायनवृंदातले चौघं बरोबर घेऊन सात जिने चढून आले तेव्हा त्यांच्याच तोंडाला फेस आला होता. पण आल्या आल्या त्यांनी पलंगाच्या दांडीवर बोटाच्या पेरानं ठेका धरला. त्यांच्या गायनवृंदात शेजारचे दोन गाणारे कधी एकदम श्वास घेत नाहीत. एक घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. तीच रीत त्यांनी इथे लावली. एकाचा हात सुटायच्या आत दुसऱ्याचा पिशवीवर हवा. दारवाली पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू आलं. महिनाभर या माणसांपासून आपण पळत होतो, याची तिला लाज वाटली.

तेवढ्यात मास्तरांनी कळवलेले चर्चचे पाळकसाहेब पोचले. धापा टाकत पलंगाशी आले आणि म्हणाले, "चला, प्रार्थना करूया."

इथेच घात झाला. जन्मभराची सवय हो! ते शब्द कानावर पडले की डोळे मिटतात आणि हात जुळतात. सगळ्यांचे जुळले. मास्तरांचा ठेका थांबला. पिशवीवर त्या चौघांतला बेकरीवाला होता, त्याचेही हात जुळले. खरं सांगायचं तर दारवालीनंही डोळे मिटले होते. पाळकसाहेब अगदी मनापासून मागत होते की देवा, या भावाला श्वास दे. आणि भावाचा श्वास बेकरीवाल्याच्या मांडीवर पडला होता.

टक. टक. तिला वाटलं, मास्तरच आहेत. मग ठेका घाईवर आला, वेडावाकडा झाला. तिनं डोळे उघडले. नवऱ्याचं बोट दांडीवर आपटत होतं आणि ओठ निळे पडले होते.

तिनं पिशवीवर झडप घातली. एकदा दाबली, दोनदा, तीनदा. ओठांवर हळूहळू रंग आला. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. निघा इथून सगळे, तुमची भक्ती तुमच्यापाशी ठेवा, म्हणाली. चूक माझी आहे, एवढंच पाळकसाहेब म्हणाले. बेकरीवाला, एवढा आडदांड गडी, दाराशी उभा राहून हुंदके देत होता.

पण तिच्या हातात जोर उरला नव्हता. पाचाचे सहा झाले, सहाचे सात. हे तिला कळत होतं, नवऱ्यालाही कळत होतं. त्यानं बोट उचललं आणि दाराच्या दिशेनं वळवलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. बोट तसंच राहिलं, बेकरीवाल्याकडे रोखलेलं.

तिनं पिशवी आणखी एकदा दाबली, मूठ पुरती मिटेना. मग बेकरीवाल्याला म्हणाली, "या. पण डोळे उघडे ठेवा."

वीज यायला साडेचार तास लागले. पाळकसाहेबांसकट सगळ्यांनी आळीपाळीनं पिशवी दाबली, आणि तोंडानं प्रार्थना चालूच होती, डोळे सताड उघडे ठेवून.

रविवारी मास्तरांची बायको वेल्डरजवळ बसली. मंडळीनं पाळ्या लावल्या होत्या. दारवाली मधल्या बाकावर बसली, बेकरीवाल्याच्या शेजारी. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करूया, आणि सगळी माना खाली घालून गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं हळूच बाजूला पाहिलं. बेकरीवाल्याचे डोळे उघडे होते. गुडघ्यावर ठेवलेला त्याचा उजवा हात दर पाचव्या अंकाला मिटत होता, उघडत होता.

तिनंही मग डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याबरोबर मोजत राहिली.