वहीतले नाव आणि हाकेचे नाव

मित्रांनो, मी एक जुना लाकडी क्रूस आहे. देवळात वेदीवर असतो तो नव्हे. त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतात, त्याला फुले वाहतात. मला ताज्या मातीत रोवतात. आमच्या ख्रिस्ती मंडळींत कोणी वारले की कबर लगेच बांधता येत नाही. माती खाली बसायला वर्षभर तरी लागते. तोवर त्या जागी नाव सांगायला कोणीतरी उभे राहायला हवे. ते काम माझे. वर्षाने घरचे लोक दगडी कबर बांधतात, मला उपटतात, पॉलिश पेपरने घासून जुने नाव काढतात, काळा रंग देतात आणि पुढच्या माणसासाठी ठेवून देतात.

माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. मुलांना सांगावी अशी तर नसेलच. तरी सांगतो.

मी मूळचा दौंडचा. पूर्वी रेल्वेच्या रुळांखाली लाकडाचे सिलपाट असत. पुढे सिमेंटचे आले आणि लाकडी उपटून बाजूला टाकले गेले. त्यातल्या एकाचे तुकडे सावळाराम सुताराने खाचा पाडून एकमेकांत बसवले आणि मी तयार झालो. रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती मंडळी मला न्यायला आली तेव्हा सावळाराम म्हणाला, "लई जड झालाय बरं का. उचलायला दोघं लागत्याल."

"उचलू की," रुळांचे सांधे बदलणारा मच्छिंद्र पॉइंट्समन म्हणाला. "ज्याच्यासाठी न्यायचा त्याला थोडाच उचलायचाय?"

सगळे हसले. माझ्यावर तिसरे नाव लागले ते मच्छिंद्रचेच. पण कोणी मच्छिंद्र लिहिले नाही. मायकल लिहिले. आमच्याकडे असेच असते. बाप्तिस्म्याचे एक नाव देवळाच्या वहीत असते आणि हाक मारायचे दुसरे नाव घरीदारी असते. क्रूसावर वहीतले लिहायचे, अशी पद्धत. दौंडात त्यावरून कोणाची अडचण झाली नाही. सगळे एकाच कॉलनीत राहणारे. मायकल म्हणजे मच्छिंद्र, हे शेंबड्या पोरालाही माहीत होते.

दौंडात माझ्यावर पुष्कळ नावे लागली. एक गार्ड होते. निवृत्त झाल्यावरही ते रविवारी देवळात शेवटच्या रांगेत उभे राहायचे आणि प्रार्थना संपली की सगळे बाहेर पडले का, हे पाहूनच निघायचे. एक फिटर होते. देवळातले सगळे पंखे त्यांनी दुरुस्त केले, पण स्वतः कधी पंख्याखाली बसले नाहीत. एक नर्सबाई होत्या. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना माणसे ओळखू येत नव्हती, पण चादर दिली की चारही कोपरे नीट जुळवून घडी घालायच्या. त्यांच्या शवपेटीवर त्यांच्या मुलीने चादरीची घडीच ठेवली होती.

पहिल्या काही नावांच्या वेळी मला आत काहीतरी व्हायचे. पुढे ते थांबले. पेटी खाली जाते, दोर वर येतात, प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, मग फावडी लागतात, शेवटी मी. इतक्या वेळा झाले की कोणत्या दिवशी कोण रडले होते, हेही मला आता वेगळे आठवत नाही.

दौंडकर मंडळी पुढे संगमरवराच्या पाट्या तयारच आणू लागली. मी कोपऱ्यात पडलो. माझ्या पायाशी रिकामे खोके साठले. मग एका फादरांनी मला जीपवर बांधून शिरूरला आणले. इथली मंडळी थोडी, कबरस्थानही लहान. तारेचे कुंपण, दोन कडुलिंब, पलीकडे कुणाचा तरी ऊस.

शिरूरला माझ्यावर नावे लिहायचे काम बन्सी मास्तरांकडे होते. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवले. अक्षर छापल्यासारखे. पण स्वभावाने फार भिडस्त. दुकानात वस्तू चुकीची मिळाली तर तशीच घरी घेऊन जाणारे. घरात पुस्तकांचा ढीग, आणि बाहेर कोणी काही विचारले की उत्तर येत असूनही घसा खाकरत राहायचे. मला घासताना मात्र ते कधी कधी माझ्याशी बोलत. मी उत्तर देत नाही, हे त्यांना बरे वाटत असावे.

एकदा ते मला देवळाच्या पायरीवर घासत होते. शेजारी रतनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मिशनच्या बोर्डिंगमध्ये एकतीस वर्षे त्यांनी मुलींना रांधून घातले. एखादी नवी मुलगी घरच्या आठवणीने रडू लागली की तिला त्या पिठाच्या डब्यावर बसवायच्या आणि काही न बोलता भाकरी थापत राहायच्या. तिसऱ्या-चौथ्या भाकरीला मुलगी गप्प व्हायची.

"मास्तर," रतनबाई म्हणाल्या, "ह्याच्यावर माझं नाव घालाल तवा रतन घाला बरं का. मोनिका नगं."

"वहीत मोनिका आहे, रतनबाई."

"असू द्या की. फादरनी मायेनं ठेवलं, मी कुठं न्हाई म्हणते? पर माझा भाऊ हाय, गेणबा. इनामगावात. त्याला मोनिका कोन ठाव?"

"येतात का ते तुमच्याकडं?"

"जित्तेपणी न्हाई यायचा. पन्नास वर्सं झाली. लई हट्टी. पर मी मातीत गेले की येईल. मी वळखते त्याला. आन् आल्यावर मी सापडायला नगं व्हय?"

भांडण जुने होते. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला होता. रतनबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या, मिशनमध्ये कामाला आल्या आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. थोरला भाऊ म्हणाला, आपल्या बापाने एकदा धर्म बदलला तो आपल्या सगळ्यांसाठी बदलला, तू एकटी वेगळी कशाला झालीस? त्यावर दोघेही हटून बसले.

"घालतो. रतनच घालतो," मास्तर म्हणाले.

दोन उन्हाळ्यांनी रतनबाई गेल्या. इनामगावात कोणाला कळवावे, तर कोणाकडे नंबर नव्हता. फादर नवे आले होते. त्यांच्या ऑफिसातून मास्तरांच्या हातात चिठ्ठी आली, 'मोनिका गायकवाड, वय ७६'. मास्तरांनी ब्रश बुडवला आणि तसाच हातात धरून बसले. मग उठून फादरांच्या दारापर्यंत गेले. फादर फोनवर बोलत होते. मास्तर क्षणभर थांबले आणि परत आले.

"नियम असेल," ते मला म्हणाले. "उगाच मी कोण मध्ये?"

त्यांनी मोनिका लिहिले. आडनाव आणि वय माझ्यावर लिहायची पद्धत नव्हती. अक्षर नेहमीसारखेच सुंदर होते.

मातीला अठरा माणसे होती. बोर्डिंगच्या जुन्या चार मुली आल्या होत्या, त्यांच्या कडेवर आता त्यांची मुले होती. अर्ध्या तासात सगळे आटोपले.

तीन आठवड्यांनी एक म्हातारा काठी टेकत कबरस्थानात आला. धोतर, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पहिल्या रांगेपासून तो एकेक नाव वाचू लागला, चौथी शिकलेला माणूस वाचतो तसे, ओठ हलवत. माझ्यापुढे आला. "मो-नि-का," त्याने वाचले आणि पुढच्या कबरीकडे गेला. मित्रांनो, तो गेणबा होता. बहीण गेल्याचे कुठून तरी त्याच्या कानावर आले असावे. मी तोंडावर नाव घेऊन उभा होतो आणि ते त्याच्या काही उपयोगाचे नव्हते.

शेवटची रांग संपल्यावर तो फाटकापाशी गेला. तिथे अनिता असते. कबरस्थानाची किल्ली तिच्याकडे. लग्न होऊन नुकतीच शिरूरला आलेली, जुनी माणसे तिला ठाऊक नाहीत.

"पोरी, रतनची कबर कंची?"

"रतन? न्हाई ओ बाबा, असं नाव न्हाई इथं. देवळात वही असती, त्यात बघा."

"वही कशाला बघू? भन हाय माझी. तिचं नाव मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग दौंडला नेली आसंल. लई जणांना तिकडं नेत्यात."

म्हाताऱ्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं," म्हणाला आणि गेला.

रविवारी अनिताने हे मास्तरांना सांगितले. पुढच्या रविवारी ते पांढऱ्या रंगाची लहान डबी घेऊन माझ्याजवळ आले, बसले, आणि डबी न उघडता परत गेले.

"इनामगावला जायला हवं," त्यांनी मला सांगितले. "पण जाऊन सांगू काय?"

दर आठवड्याला ते हेच म्हणत. पावसाळ्यात माझ्या बुंध्याशी गवत वाढले, ते त्यांनी उपटले. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागल्या. रतनबाईंच्या मातीवर एकच होती, मास्तरांची. इनामगावला ते गेले नाहीत.

मग पुढच्या उन्हाळ्यात बाळासोची आई तुळजाबाई वारली. बाळासोचे शिरूरात हार्डवेअरचे दुकान. मंडळींतला बोलका, तडकाफडकी माणूस. आईसाठी खड्डा खणून झाला तेव्हा तो खणणाऱ्या दोघांना आणि मास्तरांना घेऊन माझ्याकडे आला.

"हिचं वर्ष झालं," तो म्हणाला. "उपटा. मास्तर, घासून नाव घाला, फादर यायच्या आत."

रतनबाईंची कबर बांधणारे कोणी नव्हते. मला उपटले की तिथे नुसती जमीन उरणार होती. एका पावसात सपाट होणारी. मग गेणबा पुन्हा आला काय आणि न आला काय. हे मास्तरांना कळत होते. दोघांनी मला धरून हलवायला सुरुवात केली.

"थांबा," मास्तर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की कोणी थांबले नाही. त्यांनी पुढे होऊन माझ्यावर हात ठेवला.

"थांबा म्हणतो ना!"

"मास्तर, काय झालं?" बाळासो म्हणाला. "माझ्या आईला नाव न्हाई लावायचं व्हय?"

मास्तरांनी घसा खाकरला. मग त्यांनी सगळे सांगितले. रतनबाईंनी काय मागितले, आपण काय लिहिले, भाऊ येऊन कसा रिकामा गेला. सांगताना ते जमिनीकडे पाहत होते.

"म्हंजी वर्षभर तुम्हाला ठाव व्हतं?" बाळासो म्हणाला. "आन् तुम्ही झोपला व्हता?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

"कमाल हाय राव तुमची! आन् आज माझ्या आईच्या दिवशीच जाग आली?"

मास्तरांनी खिशातून फादरांची चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. तिच्यावर तेरेझा लिहिले होते.

"बाळासो, हे बघ. तुझ्या आईला तेरेझा कोण म्हणायचं?"

बाळासोने चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. तिच्यात नाव आणि आडनाव, दोनच शब्द होते.

"कुणीच न्हाई," तो म्हणाला. "आमचे आबा तुळजे म्हणायचे."

मग तो मागे वळून त्या दोघांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या त्याला. दुकानात जा आन् पॅकिंगच्या दोन फळ्या आणा. खिळे बी आणा."

तुळजाबाईंच्या मातीवर त्या दिवशी खोक्याच्या फळ्यांचा क्रूस लागला. मास्तरांनी त्यावर आधी तुळजाबाई लिहिले आणि खाली तेरेझा. फादर आल्यावर मास्तर स्वतः त्यांच्याकडे गेले आणि असे चालेल का, म्हणून विचारले.

"चालेल की," फादर म्हणाले. "का नाही चालणार?"

एवढेच उत्तर होते. ते एका वर्षापूर्वीही मिळाले असते.

चौथ्या दिवशी बाळासो आईच्या मातीवर मेणबत्ती लावायला आला. मास्तर माझ्यासमोर बसून मोनिकाच्या वर रतन लिहीत होते. लिहून होईपर्यंत बाळासो थांबला आणि त्याने मोटारसायकल चालू केली.

"बसा, मास्तर."

"कुठं?"

"इनामगावला. तुम्ही एकटे काय जात न्हाई. मला म्हाईत हाय."

त्या दिवशी गेणबा त्यांच्याबरोबर आला नाही. एकदा रिकाम्या हाती परत धाडलंत, आता बोलावता, असे म्हणाला म्हणे, आणि घरात जाऊन बसला. मास्तर त्याच्या ओट्यावर दोन तास बसून होते, असे बाळासोने अनिताला सांगितले. तो पुढे हसून म्हणाला, "मी म्हणलं चला, तर उठंनात. मास्तरांना हट्ट करता येतो हे मला ठाव नव्हतं."

आठ दिवसांनी गेणबा नातीच्या स्कूटीवर मागे बसून आला. मास्तर फाटकाशी होतेच. ते पुढे चालू लागले, पण गेणबाने त्यांना हाताने थांबवले.

"दावू नगा. मी बघतो."

तो पहिल्या रांगेपासून वाचत आला. माझ्यापुढे आला तेव्हा त्याचे ओठ हलले आणि थांबले. त्याने काठी नातीकडे दिली आणि मातीशी खाली बसला.

"रतने," तो म्हणाला. घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसे.

मास्तर लांब कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. मला वाटले होते, आता तरी मला काहीतरी वाटेल. वाटले नाही. ऊन होते, उसात पाणी सोडलेले होते, नात मोबाइल पिशवीत ठेवून आजोबांशेजारी बसली होती. एवढेच मी सांगू शकतो. निघताना गेणबा मास्तरांना "जय भीम" म्हणाला. मास्तरांनी हात जोडले.

आता मला कोणी उपटत नाही. मी रतनबाईंचाच झालो. पुढच्या माणसासाठी बाळासोने दुसरा क्रूस करून घेतला आहे. तो हलका आहे, एकटा माणूस उचलतो.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्याभोवतीचे गवत काढा, असे मी म्हणणार नाही. लाकडाचे काय, ते टिकेल तितके टिकेल. पण तुमच्या घरात, शेजारी कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून एकदा विचारा की आजी, आबा, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आणि कोणाला कळवायचे राहिले आहे का. आज विचारा. त्यांनी सांगितले, तर तसे करा. करताना कोणाची परवानगी लागते आहे असे वाटले, तर दारात उभे राहून परत येऊ नका. आत जा आणि विचारा.