रुपेरी जागा

गिलेन सोनेरी झाल्याची बातमी गावाला आधी कळली आणि गिलेनला मागाहून.

तो बेकरीच्या मागच्या अंगणात मैद्याची पोती उतरवत होता. स्ताव्हलो गावात नोव्हेंबरचं धुकं एकदा नदीवर येऊन बसलं की दुपारपर्यंत उठत नाही. त्यामुळे पुढच्या दारात जमलेली माणसं त्याला दिसली नाहीत, नुसता गलका ऐकू आला. मग आई आली. जोझियान तिचं नाव. कोपरापर्यंत पीठ माखलेले हात तसेच पुढे करून ती धावत आली आणि त्याचे दोन्ही गाल तिने पांढरे करून टाकले.

"अरे, सोनेरी झालास म्हणे! पोस्टमननं मोबाईलवर वाचलं. आणि आईलाच सांगायचं नाही होय रे?"

गिलेनच्या खांद्यावरचं पोतं घसरून खाली आलं.

"कुणी लिहिलंय? कुठं?"

"मला काय विचारतोस? पुढं चल. सगळी खोळंबलीत."

पुढे दुकानात पोस्टमन होता, समोरची औषधवाली होती आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा म्हातारा होता. जोझियानने रविवारसाठी ठेवलेला भाताचा टार्ट काढून कापला होता. म्हातारा तोंड भरूनच म्हणाला, "काय राव, आता आमच्याशी बोलणार का नाही? का सोन्याची माणसं सोन्याशीच बोलतात?"

"बोलेल की," औषधवाली म्हणाली. "पण जोझियान, तू आता पाव सोन्याच्या सुरीनं कापायचा हं. लोखंडी सुरी शोभणार नाही तुला."

सगळे हसले. आई तर डोळे पुसत हसली. गिलेनही हसला. त्याने टार्टचा तुकडा तोंडात घातला, आणि तो घास या गालातून त्या गालात फिरत राहिला, खाली उतरेना.

कसं सांगायचं यांना?

रात्रंदिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत एका गाडीत तिघं आळीपाळीने बसतात. दर वर्षाअखेरीस फेऱ्यांच्या वेळा बघून चालकांच्या पायऱ्या ठरवल्या जातात: हौशी तो ब्राँझ, त्याच्यावर रुपेरी, त्याच्यावर सोनेरी आणि सगळ्यांच्या वर प्लॅटिनम. गिलेन ज्या वर्गात धावायचा, त्यात एक ब्राँझ हवाच आणि एक रुपेरी हवाच. वरच्या पायरीचा बसवायचा तर एकच, आणि ती एक जागा मोटारी बनवणारे कारखाने आपल्या पदरच्या माणसाला देतात. कारखान्याचा हात पाठीवर नसताना जो सोनेरी होतो, त्याला बसायला जागा उरत नाही. रुपेरीची जागा त्याला बंद, सोनेरीची त्याची नाही. म्हणून या धंद्यातली शहाणी पोरं वेगात असतात, पण तो वेग अंगाखाली झाकून ठेवतात, कोंबडी अंडं झाकते तसा.

गिलेनलाही हे झाकणं शिकवलं होतं. आर्लेतने शिकवलं होतं.

आर्लेत विल्कँ ही त्याच्या टीमची मालकीण. साठी उलटलेली, आवाज तंबाखूने खरवडलेला. तिने त्याला उचललं तेव्हा त्याला सगळीकडची दारं बंद झाली होती. लहानपणी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती. तेव्हा आई बेकरीच्या व्हॅनमध्ये मागे कार्ट घालायची, पुढे त्याला, आणि अख्खी व्हॅन ताज्या पावाच्या वासाने भरलेली असायची. परतताना तो पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर झोपून जायचा आणि आई गुणगुणायची,

चाका रे चाका, फिर जरा हळू,
लेक माझा निजला, नको त्याला छळू.

मग लहान फॉर्म्युला गाडीतला एक हंगाम. एकच. पुढचा हंगाम श्रीमंतांच्या पोरांचा होता. वर्षभर तो घरी बसला, पाव भाजला, आणि मग आर्लेतचा फोन आला होता.

"ऐक पोरा, मला जिंकणारा नकोय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "जिंकायला कारखान्याचा माणूस आहे. लीवन आहे तो हौशी आहे, त्याच्या पैशावर टीम चालते. मला मधला हवाय. लीवनला शिकवणारा, गाडी सरळ परत आणणारा, आणि स्वतः किती पळतो ते कुणाला कळू न देणारा. जमेल?"

"जमेल, मादाम."

"सगळेच जमेल म्हणतात. पोट भरलेलं असतं तोवर जमतं."

जमलं खरं. तीन वर्षं जमलं. फेरी सुरेख चालली असेल तर शेवटच्या वळणावर तो पाय उचलायचा आणि वेळ सांडून टाकायचा. मोजणाऱ्यांच्या घड्याळात तो कायम बरा दिसायचा, फार बरा कधीच नाही. गाडीतल्या रेडिओवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून आर्लेत खुणेचं बोलायची. "सूप गार होऊ दे रे," असं तिने म्हटलं की समजायचं, पाय सैल सोड.

आणि मग जुलैतली ती सकाळ उजाडली.

शर्यत घरच्या मैदानावर होती, फ्रांकोरशांला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. गिलेन गाडीत बसला तेव्हा देवदारांच्या माथ्यावरून वाफ निघत होती आणि डांबर कुठे काळं, कुठे करडं झालं होतं. चाकाखाली जिथे ओल संपायची तिथे ती संपल्याचं त्याला आधी पाठीत कळायचं, मग हातात. इतर गाड्या चाचपडत होत्या. त्याला वाट दिसत होती. कुणीतरी रात्रीच येऊन त्याच्यासाठी आखून ठेवावी तशी.

आणि मैदानातल्या स्ताव्हलो नावाच्या वळणावर, कुंपणापाशी, आई उभी होती.

तो मोठ्या गाडीत बसू लागल्यापासून ती एकदाही आली नव्हती. बेकरी कोण सांभाळणार? त्या दिवशी तिने दाराला कुलूप लावलं होतं आणि पावांची टोपली घेऊन चालत आली होती. निघताना म्हणाली होती, "एकदा बघू तरी दे, मी एवढा पाव कशासाठी भाजला."

हे वाक्य त्याच्यासोबत गाडीत बसलं होतं.

पहिली फेरी तशीच गेली. दुसऱ्या फेरीला शेवटच्या वळणावर पाय उचलायची वेळ आली आणि पाय उचलला गेला नाही.

"गिलेन, सूप गार होऊ दे," आर्लेत म्हणाली.

तो पुन्हा स्ताव्हलोच्या वळणाशी आला. कुंपणापाशी आईचा निळा कोट होता. तो दाबूनच गेला.

"सूप, गिलेन. जीभ भाजेल."

पुढची फेरी आणखी वेगात. त्याच्या पुढची त्याहून.

"अरे ए गाढवा!" आर्लेत खुणेचं बोलणं विसरून ओरडली. "कुणासाठी पळतोयस? थांब की!"

तो थांबला नाही. गाडी पुढच्या चालकाला द्यायची वेळ होईपर्यंत थांबला नाही. उतरला तेव्हा मेकॅनिकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. कारखान्याचा माणूस हेल्मेट चढवता चढवता थबकला आणि त्याने गिलेनकडे जरा निरखून बघितलं. आर्लेतने बघितलंच नाही. ती भिंतीकडे तोंड करून सिगारेट पेटवत होती, आणि काडी काही पेटत नव्हती.

आता नोव्हेंबर. आणि टार्टचा घास अजून तोंडात.

खिशातला फोन वाजला. तो मागच्या अंगणात गेला.

"बसलायस का?" आर्लेतने विचारलं.

"उभा आहे."

"मग पोत्यावर बस. कळलं ना?"

"कळलं. आत टार्ट कापलाय."

पलीकडे तिने सिगारेट पेटवली. मग म्हणाली, "मला रुपेरी लागतो रे. तू आता रुपेरी राहिला नाहीस. मी काय करू, सांग. दुसरीकडे विचारशील तर तिथंही हाच नियम."

"काहीच नाही होणार?"

"दाद मागता येते. तीन माणसं बसतात, तुझं ऐकून घेतात. त्यांना पटवायचं की तू एवढा काही चांगला नाहीस. मी लिहून देईन तुझ्याविरुद्ध हवं ते. पण बोलायचं तुलाच. आणि पोरा, मनापासून बोल. तिथं लाजलास की संपलं."

दाद मागायच्या दिवशी तो पिठाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. घरात तेवढीच जागा शांत होती. मधलं दार पातळ फळ्यांचं. पलीकडे आई कणीक मळत होती, तिचा थपथप आवाज येत होता. पडद्यावर तिघं दिसत होते: एक तरुण, एक बाई आणि एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, जो कधीकाळी स्वतः शर्यती धावलेला होता.

"बोला," तरुण म्हणाला. "तुमचं म्हणणं काय?"

"त्या सकाळी टायर नवे होते," गिलेन म्हणाला. "ट्रॅक सुकत होता. पुढच्या गाडीनं वारा कापला, त्याचा मला फायदा झाला. घरचं मैदान आहे, लहानपणापासून पाठ आहे. दुसरीकडे मी असा नसतो. मी मधलाच आहे. खरं तर मधल्यातही खालचा."

"खालचा म्हणजे?"

"चुका करतो. गर्दीत घाबरतो. ओल्यात तर मी अगदीच कच्चा आहे."

पलीकडची थपथप थांबली.

"ओल्यात कच्चे?" बाईने विचारलं. "त्या दिवशी निम्मा ट्रॅक ओलाच होता की."

गिलेनने फळ्यांकडे बघितलं नाही. "नशीब," तो म्हणाला.

"एकामागून एक, सगळ्या फेऱ्या नशिबानं?"

"हो मादाम. मला गाडी चालवायची फार समज नाही. लोकांनी सांभाळून घेतलंय आजवर. आईनं घेतलं, टीमनं घेतलं. तुम्ही म्हणता तसं माझ्यात काही नाही. काहीच नाही."

शेवटचं तो इतकं खरं बोलून गेला की क्षणभर त्याला वाटलं, जमलं. बाईने मान खाली घातली होती.

तेवढ्यात तो मिशांचा म्हातारा पुढे झुकला. त्याचे डोळे पाणावले होते.

"बाळ," तो म्हणाला, "मी त्या फेऱ्या बघितल्यात. परत परत बघितल्यात. मीही असाच होतो, कुणी चांगलं म्हटलं की कानकोंडा व्हायचो. स्वतःबद्दल असं बोलू नये. हे तुझं कौतुक आहे, ते घे. आम्ही तुला खाली ओढणार नाही."

त्याने ते इतक्या मायेने म्हटलं की गिलेनला आभार मानावे लागले.

निकाल पुढच्या आठवड्यात आला आणि तो तोच होता. आर्लेतने डेन्मार्कचा एक पोरगा घेतला. हे सांगायला ती स्वतः आली नाही, लीवन आला. कोर्त्रेकहून इतक्या लांब गाडी हाकत आला आणि आपल्या कारखान्यातल्या गोठवलेल्या फ्राईजचं एक खोकं त्याने काउंटरवर ठेवलं.

"आईसाठी आणलंय," तो आपल्या तुटक्या फ्रेंचमध्ये म्हणाला. "ते नवं पोरगं मला ओरडतं रे. मी घाबरलो की ओरडतं. तू कधी ओरडला नाहीस."

"तुम्हाला सवय होईल."

"माझं वय काय, सवयी लावायचं?" लीवन उगाच हसला. मग हातातली टोपी फिरवत राहिला. "हे बघ, माझ्याकडे मालाचे ट्रक आहेत. रॉटरडॅमपर्यंत जातात. चांगले आहेत, नवे आहेत. शेवटी गाडीच चालवायची ना?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे गिलेनला कळत होतं. त्यानेच लीवनला गाडीपर्यंत सोडलं, दार लावून दिलं आणि वळणाआड दिसेनासा होईपर्यंत हात हलवला.

परत आला तर आई काउंटर पुसत होती. पुसलेलीच जागा पुसत होती.

"त्या दिवशी आत जे बोललास," ती म्हणाली, "ते खरं होतं?"

"नाही."

"मग असं का बोललास स्वतःला? मी इथं उभी, हात कणकेत, मला वाटलं दार मोडून आत यावं आणि त्या तिघांना सांगावं. पण काय सांगणार होते? मला काय कळतंय त्यातलं?"

मग गिलेनने तिला सगळं सांगितलं. पायऱ्या सांगितल्या, झाकून ठेवणं सांगितलं, पाय उचलायचा असतो ते सांगितलं. आणि जुलैतल्या त्या सकाळी तो का उचलला नाही, तेही सांगितलं. निळा कोट सांगितला. सांगायचं नव्हतं, पण बोलता बोलता निघून गेलं.

आईच्या हातातलं फडकं थांबलं.

"माझ्यासाठी?"

"तुला दिसलं ना पण?" त्याने विचारलं. लहान मुलासारखं विचारलं. "पहिल्यापेक्षा नंतर किती वेगात आलो ते? ते तरी दिसलं ना?"

जोझियानने त्याच्याकडे बघितलं. तिला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलंही तिने. पण आयुष्यभर वजनात कधी मारलेलं नव्हतं त्या बाईने, आणि तिला खोटं बोलणं जमलं नाही.

"तुझं पिवळं हेल्मेट दिसायचं रे," ती म्हणाली. "एकदा जायचं, परत यायचं. मी मोजत होते, आला, पुन्हा आला. सुखरूप आहे एवढंच बघत होते. हळू काय नि जोरात काय, मला... सगळ्या गाड्या सारख्याच वाटल्या."

गिलेनने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

दुकानाची घंटा वाजली. ऑर्गनवाला म्हातारा धुकं झटकत आत आला. "काय सोनेरी साहेब, मिळेल का गरिबाला एक पाव? जरा करपलेला दे, मऊ आवडत नाही."

गिलेनने फळीवरचा पाव काढला, कागदात गुंडाळला आणि दिला. म्हाताऱ्याच्या मागे दार लागलं. मग तो पिठाच्या खोलीत गेला, कारण उद्याची कणीक भिजवायची होती. आई तिथेच काउंटरपाशी उभी होती.