बाबागाडीचं बारसं

बाराव्या दिवशी सकाळी बाबागाडीने हेमांगीच्या तान्ह्या लेकीभोवतीचा पट्टा स्वतःहून आवळला आणि सोडवायला गेलेल्या बापाची दोन बोटं खाल्ली. निरंजनने हाताला फडकं गुंडाळलं आणि तो खुर्च्या मांडायला लागला. बारशाच्या दिवशी पुरुषांना तेवढंच काम असतं.

"गाडी बिननावाची आहे ना, म्हणून कुणाला जुमानत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आधी तिचं बारसं उरका. नाव मिळालं की सोडेल."

"नाव बाबागाडीच ना?" हेमांगीने विचारलं.

"ते आपण म्हणतो गं. ती परदेशातली. ज्यांनी आणली त्यांनी सांगायचं."

आणली होती हेमांगीच्या तीन नणंदांनी मिळून, आणि तिघीही सांगलीत हजर होत्या: लंडनच्या कुमुदताई, न्यू जर्सीच्या रजनीताई आणि डब्लिनची धाकटी मंजू. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने कानात नाव सांगून 'कुर्र' म्हणायचं आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, ही आपली रीत. एरवी ते गुद्दे लटके असतात. आज शेजारणींनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

कुमुदताई गाडीच्या टपाखाली वाकल्या. "प्रॅम. कुर्र."

गुद्दे पडले. बरगडी मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. पट्टा सुटला नाही, उलट बोटभर आवळला, आणि बाळाने टाहो फोडला.

"प्रॅममध्ये मूल आडवं झोपतं, ताई," रजनीताई म्हणाल्या. "ही स्ट्रोलर आहे. अख्खी अमेरिका स्ट्रोलर म्हणते."

"अमेरिकेला काय कळतंय?" कुमुदताईंनी तोंडातलं रक्त पदराला पुसलं. "इंग्रजी आमची का त्यांची?"

"तुमची कधीपासून झाली?"

रजनीताई वाकल्या, कुर्र म्हणाल्या, आणि त्यांचा खांदा निखळून लोंबायला लागला. पट्टा आणखी बोटभर आवळला.

"डब्लिनला आम्ही बग्गी म्हणतो," मंजू दबकत म्हणाली.

"बग्गीला घोडा लागतो," सासूबाई म्हणाल्या. पण मान तो मान. मंजूने नाव सांगितलं, गुद्दे खाल्ले आणि ती टेबलाखाली जाऊन निपचित पडली. कुणीतरी तिच्या उशाशी घुगऱ्यांची वाटी ठेवली.

बाळाचं रडणं थांबलं होतं. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. तिकडे थोरल्या दोघींना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. कुमुदताईंनी समई उचलून रजनीताईंच्या कपाळात घातली. "प्रॅम!" रजनीताईंनी चांगल्या हाताने बहिणीचे केस मुळापासून उपटले. "स्ट्रोलर!" दर हाकेला पट्टा आत जात होता. बारा दिवसांच्या जिवात आत जायला जागा ती किती?

"पुरे करा हो! माझं मूल मरतंय!"

"मान आत्याचा," शेजारणी एका सुरात म्हणाल्या.

हेमांगीकडे एकच नाव होतं. नऊ महिने नवऱ्यालाही न सांगता जपलेलं. तिने दोघींना ढकललं, टपाखाली डोकं घातलं आणि ते नाव गाडीला देऊन टाकलं.

"शर्वरी. कुर्र."

पट्टा सुटला. बाळाने श्वास ओढला आणि हेमांगीने त्याला गाडीतून उचललं.

"शर्वरी! किती गोड नाव," सासूबाई म्हणाल्या. "ये गं शर्वरी." गाडी आपली आपण चालत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला उचलून पाळण्यात ठेवलं, टपाला काजळाची तीट लावली आणि दोरी हातात घेतली.

हेमांगीने बाळ छातीशी धरलं. तेवढ्यात पहिला गुद्दा बसला. आई असो की आत्या, नाव ठेवलं की पाठ द्यावीच लागते, हे तिला मान्य होतं. ती गुडघ्यांवर बसली, बाळावर ओणवी झाली आणि दात आवळून सोसत राहिली. निरंजन खुर्च्या मांडत होता.

वाकल्यामुळे बाळाचं तोंड तिच्या कानाला लागलं. बाळाने तिच्या कानात एक नाव सांगितलं. अगदी स्पष्ट, आणि त्यापुढे हळूच कुर्र.

गुद्दे थांबले. बायका तिला वळसा घालून पुढे आल्या आणि वाकून बघायला लागल्या. हेमांगीच्या तळव्याखाली बाळाची पाठ जेमतेम चार बोटं रुंद होती.