विश्वासाने दिलेला लॅपटॉप

मंगळवारी सकाळी मुलीच्या लॅपटॉपच्या झाकणाची बिजागरी तुटली. ती वाचनालयात कामावर गेली होती, म्हणून आईच तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. दहा वर्षं या घरच्या रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची नाडी तोच बघत आला होता.

"काकू, पासवर्ड लिहून द्या."

"बिजागरीला कशाला रे पासवर्ड?"

"चेक करायला लागतो. सगळेच देतात."

सगळेच देतात म्हटलं की आपण मान डोलावतो. काकूंनीही डोलावली. लेकीने एकदा सहज सांगून ठेवलेला पासवर्ड त्यांनी चिठ्ठीवर लिहिला आणि झाकणावर चिकटवला. बुधवारी लॅपटॉप घरी आला, झाकण अगदी अलगद उघडत होतं. दादाचं घरभर कौतुक झालं.

शनिवारी शेजारणीने मुलीला जिन्यात गाठलं आणि मोठ्या कळवळ्याने विचारलं, "छातीतल्या गाठीचं काय निघालं गं? आमचे हे दुकानात ऐकून आले."

त्या गाठीचं फक्त आईला आणि डॉक्टरीणबाईंना माहीत होतं. कातडीचा रंग बदलतोय का ते पाहायला बाईंनीच दर आठवड्याला फोटो काढायला सांगितले होते; ते ती लॅपटॉपमध्ये ठेवायची. गाठ साधी निघाली, तेव्हा मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

घरात शिरताच ती आईवर तुटून पडली. "तू बोललीस ना कुणाजवळ?"

"नाही गं बाई! तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नाही मी."

मुलीने लॅपटॉप काढला. कोणती फाइल शेवटची कधी उघडली, याची यादी त्यात असते. मंगळवार, दुपारी तीन ते चार, 'गाठ' नावाच्या फोल्डरमधले एकामागून एक अकरा फोटो. आईने यादी वाचली. "मीच दिला गं त्याला पासवर्ड," एवढंच ती पुटपुटत राहिली.

मग तशीच उठून ती दुकानात गेली. दादाने मानही वर केली नाही.

"चालू होतोय का बघताना दिसले, काकू. एवढं काय मनाला लावून घेता?"

दिसले म्हणे! तासभर दिसत होते, आणि दिसता दिसता शेजारच्या जिन्यापर्यंत पोचले. सोमवारी दादाने नेहमीसारखं दुकान उघडलं. मुलगी मात्र वाचनालयात गेली नाही. कोण काय ऐकून आलं असेल, या धास्तीने ती खोलीचं दार लावून पडून राहिली.

एव्हाना बाबांना सगळं कळलं होतं. "मिटवून टाका," ते म्हणाले. "आपलीच अब्रू जाईल."

"आपली कशी?" आई म्हणाली. "चोरी त्याने केली आणि तोंड आपण लपवायचं?" तिने लेकीला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि दोघी चौकीवर गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. "पण असले फोटो ठेवलेच कशाला, ताई?"

मुलीची मान खाली गेली. वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही ओठांवर आला असेल, तर जरा थांबा.

आई खुर्चीवरून उठली. "साहेब, डॉक्टरांनी मागितले म्हणून ठेवले. मी पासवर्ड दिला तो बिजागरी बसवायला. माझ्या आजारी मुलीचं अंग बघायला नव्हे. असंच लिहा, शब्द बदलू नका."