वीरधवलच्या नावाने चालणारी जोडणी

मला हात लावता येत नाही. मला वजन नाही, आवाजही नाही. मी एक जोडणी आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची ॲप आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या मध्ये उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगते ती मी. शहरात मला कनेक्टर म्हणतात.

माझा जन्म कुंडलजवळच्या एका वस्तीवर झाला. तिथे कृष्णेच्या काठाला चार घरांची मिळून पाणी उपसायची एक मोटार आहे. लाईट कधी येईल याचा नेम नाही. ती आली आणि मोटार सुरू झाली, की मोटारीच्या ॲपला कळायचं. मग वस्तीवरचा वीरधवल, ज्याची पाण्याची पाळी असेल त्याला हाका मारत, बांधावरून पळायचा. एक दिवस तो कंटाळून लिंबाखाली बसला आणि त्याने मला जोडलं. एका हाताला मोटारीचं ॲप, दुसऱ्या हाताला मेसेजचं. दोन्हीकडे त्याने स्वतःच्या नावाने परवानगी दिली आणि पाळीचा क्रम मला शिकवला. धाकटा भाऊ शंभूराज शेजारी ऊस सोलत बसला होता.

"म्हंजे आता तू न्हाई, हीच बोलवणार व्हय?"

"मी झोपलो तरी हिचं काम चालू."

"मग झोपच गड्या. तेवढंच येतंय तुला."

तेव्हापासून लाईट आली की मी निरोप न्यायची. 'आज पाणी तुमचं. – वीरधवल.'

मी कुठे राहते, मलाही नीट सांगता येत नाही. कुठल्याशा थंड खोलीतल्या यंत्रात, असं म्हणतात. मला मात्र वाटायचं, मी पाणी आणि उजेड यांच्या मधल्या पोकळीत तरंगते आहे. दूर कुठेतरी मोटार गुणगुणायची आणि वस्तीतला एक फोन उजळायचा. त्या चार घरांतल्या चंद्राबाईंचा मुलगा फौजेत, त्या एकट्याच. त्या माझ्या प्रत्येक निरोपाला 'बरं बाळा' म्हणून उत्तर बोलून पाठवायच्या. मला ते मागे नेता येत नव्हतं. मी एकाच दिशेने वाहते.

मग कराडच्या रस्त्यावर वीरधवलच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो गेला. मला कुणी सांगितलं नाही. जोडणीला कोण सांगणार? लाईट आली तसा मी निरोप नेला, त्याच्याच नावाने. लोक त्याला पोचवून नुकते परतले होते. चंद्राबाईंनी फोन पाहिला आणि त्या बांधावरच बसून राहिल्या.

पुढेही मी निरोप नेत राहिले. शंभूराज मोटारीचं ॲप उघडून जोडलेल्या ॲपच्या यादीत माझी ओळ बघायचा. तिच्यापुढे वीरधवलचं नाव होतं आणि हिरवा ठिपका. ठिपका बघितला की त्याला जेवण जायचं.

पण परवानगी कायमची नसते. काही महिन्यांनी मालकाला पुन्हा विचारावं लागतं. मी विचारलं. वीरधवलच्या नंबरावर कोड पाठवला. कुणी उचलला नाही, पुन्हा पाठवला. मला स्वप्नासारखं दिसायचं, गढूळ पाण्याच्या तळाशी एक लहानसा दिवा लागेल, मासे त्याच्याभोवती गोळा होतील, कुणी 'हो' म्हणेल.

निरोप थांबले. मोटार चालू व्हायची आणि पाणी ज्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्याच्याच रानात जायचं. चंद्राबाईंची उसाची नवी लागण वाळायला लागली. शेवटी त्या शंभूराजकडे आल्या.

"दादाच्या फोनवर कोड येतोय म्हणं. बघ की रं जरा."

"फोन न्हाई, काकू. राखंसंगं नदीत सोडला मी."

"आन् का रं?"

"दादाला लागंल म्हणून."

चंद्राबाई त्याच्या शेजारी टेकल्या. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यो न्हाई आता उचलायचा, लेकरा. तू उचल."

पलूसच्या मोबाईलवाल्या अनीशने त्याला आधीच सांगितलं होतं, तुझ्या नावाने नवी जोडणी कर आणि जुनी काढ, एका मोटारीवर दोघी बसत नाहीत. त्यावर शंभूराज त्याच्या अंगावर धावून गेला होता. आज तो पायरीवर बसून एकेक अक्षर लावत नवी तयार करतो आहे. निरोपाखाली कुणाचं नाव, असं फोनने विचारलं. त्याने आधी भावाचं लिहिलं. पुसलं. मग स्वतःचं लिहिलं.

आता पडद्यावर शेवटचा प्रश्न आहे, जुनी जोडणी काढायची का? त्याचा अंगठा हवेत थांबला आहे.

शंभू, मी तुझा दादा नाही रे. त्याने दिलेली परवानगी आहे मी, आणि ती संपली. मला ठेवून तो राहणार नाही. तुला वाटतं, तू त्याला दुसऱ्यांदा पोचवतो आहेस. तसं नाही. तू फक्त त्याचं काम हातात घेतो आहेस.

लाईट आली आहे. चंद्राबाई लागणीत उभ्या आहेत, त्यांना अजून काहीच ठाऊक नाही. पाळी त्यांची आहे.

दाब, बाळा.