नंदेसरीच्या बसची मोजणी

बडोद्यात प्रवासी बसने नेण्यासाठी पैसे नाहीत, पण प्रवासी मोजण्यासाठी वेगळे अनुदान येते. हे मला दत्ताकाकांनीच सांगितले, तेही अभिमानाने. काका आमचे शेजारी, शहर बसच्या कार्यालयात नियोजन पाहतात. त्यांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते, हे ते नव्या माणसाला चहा यायच्या आत सांगून मोकळे होतात.

मी नंदेसरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. अकोट्याहून सव्वासातची बस चुकली की उशीर ठरलेला. महिन्यात तीन उशीर झाले की नोकरी जाणार, आणि माझे दोन होऊन चुकले होते. बस रोज खच्चून भरायची. तरी ती बंद करायचे ठरले, कारण म्हणे तिला प्रवासीच नाहीत.

मी तडक काकांकडे गेले.

"मोजले कधी तुम्ही?"

"पंधरा जानेवारीला. रस्ते कसे मोकळे होते, शलाका. पोरांनी भरभर काम उरकलं."

पंधरा जानेवारी म्हणजे वासी उत्तरायण. कारखाने बंद, दुकाने बंद, अख्खे बडोदे पतंग घेऊन गच्चीवर. काका स्वतः आमच्या गच्चीवर उंधियू खात बसले होते.

"त्या दिवशी तुम्ही तरी ऑफिसला गेला होतात का?"

"मी कशाला जाऊ? रजा होती." मग त्यांचे त्यांनाच बोचले असावे. "जो, बघ, चिडू नकोस. गुरुवारी फेरमोजणी लावतो. तू माणसं जमव."

मी बेचाळीस माणसे जमवली. गुरुवारी सातपासून आम्ही थांब्यावर उभे. सव्वासात झाले, साडेसात झाले. पावणेआठला बस आली आणि तिच्यातून वह्या घेतलेले नऊ मोजणीवाले उतरले. कार्यालयाची गाडी बिघडली म्हणून त्यांना घरोघरून गोळा करायला हीच बस पाठवली होती. आम्ही चढायला गेलो तर कंडक्टरने दारातच हात आडवा धरला.

"आज बस मोजणीवर आहे, बेन. पॅसेंजर घ्यायचे नाहीत."

नियम असा, की बसमध्ये चढेल तोच प्रवासी. मोजणीवाल्यांनी शून्य लिहिले. खाली उभ्या राहिलेल्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

तो माझा तिसरा उशीर. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली, आणि महिनाअखेरीस बसही. मी काकांच्या दिवाणखान्यात बसून रडले, मला त्याची लाज वाटली नाही.

काका कारभाऱ्यांच्या घरातले, त्यांचे मन द्रवले. "आमच्या मोजणीत ये. मार्च संपायच्या आत अनुदान संपवायचंय. चालशे?"

चालले. घरात दुसरे कमावणारे कोणी नाही.

आज धुळेटी, रंग खेळायची सुट्टी. मी कोयलीच्या वाटेवरच्या थांब्यावर वही घेऊन उभी आहे. कार्यालयाची गाडी दुरुस्त झाली आहे, तीच मला इथे सोडून गेली. आठची बस रिकामी आली. इथून रोज किती बायका कामाला जातात ते मला चांगले ठाऊक आहे, नंदेसरीला जाताना मी त्यांना पाहत असे. मी शून्य लिहिले आणि काकांना फोन लावला.

"शाबास," काका म्हणाले. त्यांच्या मागे रंग खेळणाऱ्यांचा गलका चालला होता. "तू मोजायला असतीस तर नंदेसरीलासुद्धा फेरमोजणी लागली नसती."