पोचलं का, वहिनी?

मी जुनी आहे, हे मीच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. मित्रांनो, मी एक टेप आहे. गाण्यांच्या चिमुकल्या कॅसेटी असायच्या ना, त्यांच्यातली मला समजू नका. मी टीव्हीच्या स्टुडिओतली. जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी आणि तिच्या पोटात गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी पट्टी. जी विनोदी मालिका लागली की लोक जेवणाची ताटं उचलून टीव्हीसमोर येऊन बसत, तिच्या शेवटच्या पर्वाचा शेवटचा भाग माझ्या पोटात होता. होता म्हणते आहे, इकडे लक्ष असू द्या.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या पट्टीवर गंजासारखी बारीक भुकटी लेपतात, तिला चकाकी देतात आणि गुंडाळतात. चेहरे, आवाज, हसणं, रडणं, जे काही राहतं ते त्या भुकटीत. म्हणजे माझं सगळं मोठेपण भुकटीतलं. हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिक्षणाच्या नावाने माझ्याकडे पूज्य. माझ्याच पाठीवर चिकटवलेलं नाव मला वाचता येत नाही. पण कान असे तिखट की कोण मनापासून हसलं आणि कोण शेजारच्याला बघून हसलं, ते मी ओळखून होते.

मालिका होती एका बिऱ्हाडाची. घराचं दार कधी नीट लागत नसे. घरातला बाप प्रत्येक भागात ते दुरुस्त करायला जाई आणि दुसरंच काहीतरी मोडून बसे. समोर खुर्च्या मांडून खरेखुरे लोक बसवलेले असत, आणि त्यांचं हसणं संवादांबरोबरच माझ्यावर उतरे. ते उतरवणारा माणूस म्हणजे आमचे आवाजवाले. त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. कानांवर मोठे हेडफोन, तोंडात एक शब्द नाही. एवढे लोक त्यांनी माझ्यावर बोलते ठेवले, स्वतः मात्र मुखदुर्बळ.

त्यांची बायको प्रत्येक चित्रीकरणाला यायची. मागच्या ओळीत, कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर छोटी लेक. सगळे तिला उशीरवहिनी म्हणत, कारण तिचं हसू नेहमी मागाहून येई. विनोद झाला की ती आधी लेकीच्या कानात तो समजावून सांगायची, लेकीला पटला की मग स्वतः हसायची. तोवर बाकीच्यांचं हसून, खोकून, गप्प होऊन झालेलं असे. त्या शांततेत तिचं हसू निघे, बाटलीतून पाणी ओतल्यासारखं, बुडबुड करत. आणि ते ऐकून सगळे पुन्हा हसत.

दिग्दर्शक पहिल्यांदा वैतागला. म्हणाला, "आवाजवाले, घरच्यांना आवरा जरा!"

आवाजवाल्यांनी नुसता एक हात वर केला. म्हणजे थांबा, अजून एक हसू यायचं आहे. पुढे तीच रीत पडली. हात वर दिसला की नट थांबायचे, वहिनीचं हसू आलं की पुढचं वाक्य म्हणायचे. बापाचं काम करणारा नट तर म्हणे, "वहिनी हसल्या नाहीत तर विनोद परत करा, दुकानात बदलून मिळतो का बघा."

शेवटच्या पर्वात वहिनी वाळत गेल्या. शेवटच्या भागाला त्या शाल गुंडाळून आल्या, लेकीच्या खांद्याला धरून. लेक आता मोठी झाली होती, तिला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तरी वहिनींनी सवय सोडली नाही.

त्या भागात बिऱ्हाड घर सोडून जातं. बाप जाता जाता दार खरोखर दुरुस्त करतो. ओढतो, आणि काय आश्चर्य, दार घट्ट लागतं. तो ऐटीत बाहेर उभा राहतो, खिसे चाचपतो आणि म्हणतो, "किल्ली आत राहिली." मग थोडं थांबून, "सासूबाईपण."

सगळे पोट धरून हसले. मग शांत झाले. आवाजवाल्यांचा हात वर. नट थांबला. शांतता एवढी लांबली की माझी चाकं फिरताना मलाच ऐकू येऊ लागली. आणि मग ते आलं. बारीक, धाप लागलेलं, मध्येच खोकल्याने तुटलेलं, पण आलं. नटाने कागदावरचं वाक्य सोडून दिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"पोचलं का, वहिनी? मग निघू आता?"

मालिका तिथे संपली. वहिनी त्यानंतर स्टुडिओत आल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत घरातही राहिल्या नाहीत.

मित्रांनो, माझं कौतुक खूप झालं. मला कितीदा चालवलं, किती लोकांनी डोळे पुसले! मग नव्या मालिका आल्या, आणि स्टुडिओने काटकसर काढली. जुन्या टेपा पुसायच्या आणि त्यांच्यावर नवं उतरवायचं. आधीच्या पर्वांच्या माझ्या थोरल्या बहिणी अशाच पुसल्या गेल्या. एकीवर म्हणे हवामानाच्या बातम्या उतरवल्या. जन्मभर लोकांना हसवलं आणि शेवटी अंगावर काय, तर ढगाळ वातावरण!

आम्हा शेवटच्या पर्वाच्या टेपांना आवाजवाले पिशवीत घालून घरी घेऊन आले. कपाटात वरच्या फळीवर, जुन्या मिक्सरशेजारी आमची सोय झाली. मिक्सर मोडका होता, पण मिजास केवढी! तिथे मला दमटपणा बाधला. माझी वेटोळी एकमेकांना चिकटली. कुणी खाली काढून विचारलं नाही की बाई, कशी आहेस.

आवाजवाले म्हातारे झाले. जन्मभर कानांनी पोट भरलं, आणि कानच रुसले. कानात यंत्र आलं. मग डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की उरलंसुरलं ऐकू येणंही फार काळ टिकायचं नाही. त्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "माझे कान जायच्या आत तुझ्या आईचा आवाज एकदा ऐकव."

लेकीने सगळं घर शोधलं. लग्नातले फोटो होते, सहलीतले फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. जगाचे आवाज साठवणाऱ्या माणसाने बायकोचा आवाज घरात साठवलाच नव्हता. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण साठवतं? तिचं हसू उरलं होतं एकाच ठिकाणी, माझ्या पोटात.

त्याच सुमारास चॅनललाही आमची आठवण झाली. जुन्या मालिका आता मोबाइलवर दाखवतात म्हणे, आणि त्यांच्याकडची प्रत त्यांनी केव्हाच पुसलेली. लेकीने आम्हाला उचललं आणि कॉपीवाल्याकडे नेलं. जुन्या टेपांच्या डिजिटल कॉप्या करणं हा त्याचा धंदा. स्वभावाने गोड. दुष्ट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

लेक म्हणाली, "दादा, सगळ्या भागांच्या कॉप्या काढा, चॅनलला द्यायच्या आहेत. आणि शेवटच्या भागात, सगळे हसून झाल्यावर एक हसू उशिरा येतं. माझ्या आईचं. तेवढं नीट काढा."

"काढतो की, ताई. एकटंच येतंय ना? मग सोपं आहे."

"अगदी नीट हं. बाबांच्या जिवाला लागून राहिलंय ते."

"कळलं, ताई. निर्धास्त जा."

मी तिथेच टेबलावर होते. मलाही वाटलं, कळलं त्याला. आवाजवाल्यांच्या घरात आवाज काढायचा म्हणजे उतरवून घ्यायचा, फोटो काढतात तसा. पण त्याच्या दुकानात लोक काय सांगत येत? भाषणातला खोकला काढा. लग्नाच्या व्हिडिओतलं कुत्रं काढा. शब्द तोच. त्याच्या दुकानात मात्र त्याचा अर्थ एकच.

त्याने मला मंद उबेत ठेवून माझा चिकटा घालवला. स्वतःशीच म्हणाला, "एकदा चालेल, दुसऱ्यांदा सांगता येत नाही." एकदा पुरे होतं मला. मी जीव एकवटून फिरले. एक सूर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माझ्या पोटची कॉपी समोरच्या पडद्यावर जन्माला आली. हसू नका, बाळंतपणाला मी थोडीच घाबरते! पण पोरं कसली ती. ना वजन, ना पाठ, ना वास. एकाची दहा होतात, दहाची हजार, आणि कुणाला कुठे कपाटात जागा लागत नाही. तरी माझी होती. नाकडोळे माझेच होते.

पडद्यावर आवाज डोंगरांसारखा दिसतो. सगळ्यांच्या हसण्याचा मोठा डोंगर, मग सपाटी, आणि सपाटीत एक छोटी टेकडी. ती वहिनी. त्याने टेकडीला हळूच घेर घातला, बोट दाबलं, आणि टेकडी गेली. मग सपाटी इतकी निगुतीने गुळगुळीत केली की तिथे कधी काही होतं असं कुणी म्हणू नये. आधीची जड फाइल जागा खाते म्हणून तीही पुसली. मला ओरडायचं होतं. पण माझ्यासारखीला कुणी यंत्रात घातल्याशिवाय तोंड नसतं.

घरी लेकीने बाबांना खुर्चीत बसवलं, कानांवर त्यांचे जुने हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला. मी टेबलावर पिशवीत. दार लागलं. "किल्ली आत राहिली." "सासूबाईपण." सगळे हसले, शांत झाले. आवाजवाल्यांचा हात आपोआप वर गेला.

शांतता. माझ्या लेकराच्या पोटातली गुळगुळीत, धुतलेली शांतता.

"पोचलं का, वहिनी? मग निघू आता?"

आवाजवाल्यांचा हात वरच. मग त्यांनी हेडफोन उतरवले. लेकीकडे बघून म्हणाले, "नाही पोचलं. कान गेले गं माझे."

"कान नाही गेले, बाबा!" असं ती किती ओरडली. कानातलं यंत्र काढलेलं, ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुकानात ती मला छातीशी धरून गेली. "दादा, आईचं हसू कुठाय?"

"काढलं ना, ताई. किती नीट काढलंय बघा, खूणसुद्धा राहिली नाही."

"अहो, काढा म्हणजे... मला हवं होतं ते! वेगळं करून हवं होतं!"

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही म्हणालात, जिवाला लागलंय," एवढंच तो म्हणाला, आणि खाली बसला. मग उठला, माझ्यावरून हात फिरवला, पुन्हा ऊब दिली आणि मला यंत्रात चढवलं.

मी प्रयत्न केला, मित्रांनो. देवाशपथ केला. पण पहिल्याच फेऱ्याला अंग सोललं. भुकटी यंत्राच्या तोंडाशी साचली, पडद्यावर मुंग्या आल्या, मग काहीच नाही. त्याने यंत्र उघडलं, कापसाचा बोळा भिजवला आणि ती तपकिरी भुकटी हळूच पुसून घेतली. लेक बोळ्याकडे बघत होती. त्यात तिची आई होती. त्याने तो टोपलीत टाकला, मग पुन्हा उचलला, आणि हातात धरून उभा राहिला. त्याचं काय करतात, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी मिक्सरशेजारी आहे. दोघंही रिकामे, त्यामुळे पटतं. आवाजवाल्यांना आता खरोखरच काही ऐकू येत नाही. लेक जे सांगायला गेली ते त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, आणि लिहून दाखवायला तिचा हात धजावला नाही. त्यांची अजून समजूत आहे की वहिनी हसली, आपल्यालाच ऐकू आलं नाही. तेवढंच बरं म्हणायचं, तर मला म्हणवत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझं जपण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमच्या घरात कुणी उशिरा हसणारं असेल तर तोवर थांबा, एवढंच. आणि कुणाला काही सांगाल तेव्हा त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकून घ्या, मगच घरी या.

माझी लेकरं आता म्हणे घरोघर पोचली आहेत. लोकांना शेवटचं वाक्य फार आवडतं. तो नट कुणाशी बोलतोय, असं पोरं एकमेकांना विचारतात, आणि कुणालाच सांगता येत नाही. तो आपला विचारतो, पोचलं का, वहिनी. आणि उत्तराची वाट न बघता, निघून जातो.